सतरा नंबरचे ठिपके

दार उघडत नव्हतं. ठिपकीने एकदा ढकललं, दोनदा ढकललं, मग सरळ खांदा लावला. आत रक्ताच्या नळ्या पडून होत्या आणि घड्याळ काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं. रक्त काढल्यापासून चार तासांत त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर त्या मरायला लागतात, आणि मेलेल्या पेशींना विचारणार काय, कपाळ?

"ढकलू नका," आतून आवाज आला. पुरुषाचा, जरासा घोगरा. "हँडल धरा, दार थोडं वर उचला, मग ढकला."

"दार उचलू?"

"हो. खाली लादीला घासतंय. उचललं की सुटेल."

तिने उचललं. दार इतक्या झटकन उघडलं की ती थेट खोलीच्या मध्यावर जाऊन थांबली. खुर्चीत एक तरुण बसला होता. डाव्या हाताची बाही वर, कोपर दुमडलेलं, कोपरात कापसाचा बोळा, आणि कानामागे चपटी पेन्सिल.

"जोर जास्त लावलात," तो म्हणाला.

"तुम्ही उशिरा सांगितलंत," ती म्हणाली.

इथे ठिपकीची ओळख करून द्यायला हवी, कारण त्या खोलीत पाय ठेवायची तिला परवानगीच नव्हती. ती तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथे एकच गोष्ट शोधत होते. बुरशीच्या आजारातून बऱ्या झालेल्या माणसांच्या पेशी त्या बुरशीला किती दिवस लक्षात ठेवतात? बुरशी वटवाघळांच्या आणि कोंबड्यांच्या विष्ठेत वाढते, धुळीबरोबर श्वासात जाते आणि फुप्फुसात ठाण मांडते. बऱ्या झालेल्यांचं रक्त तळमजल्यावर घ्यायचं, वर न्यायचं, पांढऱ्या पेशी वेगळ्या करून प्लेटमधल्या इवल्याशा खळग्यांत सोडायच्या, आणि त्यांना त्या बुरशीचा मेलेला तुकडा दाखवायचा. जी पेशी जुन्या शत्रूला ओळखते ती चवताळते आणि आपल्या बुडाखाली एक निळसर ठिपका सोडते. दोन दिवसांनी ते ठिपके भिंगाखाली मोजायचे. मोजायचे कोणी, तर हिने. म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणत. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं, तेवढंच.

आणि नियम असा होता की मोजणाऱ्या माणसाने रक्त देणाऱ्याला बघायचं नाही. नळीवर नाव नाही, नुसता नंबर. कारण माणूस ओळखीचा झाला की डोळे लबाडी करतात. पुसटसा ठिपका धरायचा की सोडायचा, हे मग हात नाही, मन ठरवतं. पण रोज पेटी वर आणणारा शिपाई त्या सोमवारी रजेवर होता, फोन कोणी उचलत नव्हतं, आणि ठिपकी बिचारी खाली आली होती.

"तुम्ही वरच्या?" त्याने विचारलं.

"मी... हो. म्हणजे, कोणीच नाही. मी पेटी न्यायला आलेय."

"मी सतरा नंबर."

"सांगू नका!" ती इतक्या जोरात म्हणाली की त्याने कापूस सोडलाच.

तेवढ्यात चहाचे दोन कप घेऊन सिस्टर आल्या. दार त्यांनी ढुंगणाने उचलून उघडलं, त्यांना सवय होती. ठिपकीला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अगं बाई, बरी सापडलीस! आज निरोगी माणूस कोण, तूच ना? आठ महिने चुकवतेयस. बस खाली."

हे खरं होतं. आजारातून उठलेल्यांच्या जोडीला दर वेळी एका धडधाकट माणसाचं रक्त लागायचं, तुलनेसाठी. प्रयोगशाळेतली माणसं पाळीपाळीने द्यायची. ठिपकीची पाळी आली की तिला नेमकं काहीतरी काम निघायचं. रोज दुसऱ्यांचं रक्त हाताळणारी ही मुलगी सुईला घाबरायची, आणि हे गुपित सगळ्या इमारतीला माहीत होतं.

"नंतर देते," ती म्हणाली.

"नंतर बिंतर काही नाही. चार तासांचं तूच सांगतेस ना येताजाता?"

पळायला जागा नव्हती. ती दुसऱ्या खुर्चीत बसली. सिस्टरांनी दंडाला रबर आवळलं आणि ठिपकी सुईकडे टक लावून बघायला लागली. सतरा नंबर चहाचा घोट घेत सगळं बघत होता.

"इकडे बघू नका," तो म्हणाला, "दाराकडे बघा. वरची बिजागरी दिसते? तिचे किती स्क्रू आहेत?"

"तीन."

"नीट बघा."

तिने नीट बघितलं. "दोन. एकाची नुसती भोकं... एकाचं नुसतं भोक आहे."

"तेच दुखणं आहे त्याचं. एक स्क्रू पडला, दार झुकलं, खालून घासायला लागलं. आणि तुम्ही सगळे वर्षभर खांदे लावताय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सुतार आहे मी. दारं बघूनच माणसं ओळखतो."

"झालं हं," सिस्टर म्हणाल्या. नळ्या भरल्याही होत्या. ठिपकीला सुई टोचलेली कळलीसुद्धा नव्हती, आणि याचं तिला इतकं नवल वाटलं की ती हसायला लागली.

बाहेरून कोणीतरी सिस्टरांना हाक मारली. "लेबलं तेवढी लाव ग," म्हणत त्या गेल्या. स्टँडमध्ये चार नळ्या होत्या, दोन त्याच्या, दोन तिच्या. तिने लेबलं उचलली.

"एवढ्या रक्ताचं करता काय वर?" सुताराने विचारलं.

"त्यातल्या पेशींना बुरशी दाखवतो. ओळखतात का बघतो. ज्या ओळखतात त्या ठिपका सोडतात, ते मी मोजते."

"म्हणजे ओळख परेड."

"तसंच काहीसं."

"माझ्या रक्ताची ओळख परेड करता, आणि माझी साधी ओळख करून घ्यायची नाही?"

"नाही. नियम आहे."

"नियम कोणाचा?"

"आमच्या प्रमुख मॅडमचा. आणि माझा," ती म्हणाली. लेबलं लावली, नळ्या पेटीत ठेवल्या, दार वर उचललं आणि जिना चढली. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती हसतच होती. दम लागल्यावर थांबली.

*

बुधवारी दुपारी तिने प्लेट धुतली, वाळवली आणि भिंगाखाली धरली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. ती डावीकडून उजवीकडे मोजत गेली. बारा नंबर, अडुसष्ट ठिपके. चौदा नंबर, नव्वद. मग सतरा नंबरचे खळगे आले.

तीन.

तिने डोळे चोळले. शेजारच्या खळग्यात दोन, त्याच्या शेजारी चार. पेशी मेल्या होत्या म्हणावं तर तसंही नव्हतं. कोणत्याही जिवंत पेशीला डिवचणारं औषध घातलेला जो खळगा असतो, तो ठिपक्यांनी गच्च भरला होता. पेशी धडधाकट होत्या. फक्त त्यांना ती बुरशी आठवत नव्हती. महिनोन्महिने गोळ्या खाऊन ज्या माणसाने आजार काढला, त्याच्या पेशी म्हणत होत्या, कोण ही? आम्ही नाही बघितली.

शेवटच्या ओळीत निरोगी माणूस होता, म्हणजे ती स्वतः. तिथे शून्य, फार तर एखाददुसरा ठिपका हवा होता.

तिथे एकशे ऐंशी होते.

उत्तर अगदी समोर होतं आणि लाज आणणारं होतं. लेबलं तिने लावली होती. हसत लावली होती. नळी भरली की तिथल्या तिथे लेबल लागलं पाहिजे, हे ती नव्या पोरांना शिकवायची, आणि स्वतः मात्र बिजागऱ्या मोजत बसली. नळ्यांची अदलाबदल झाली असणार. म्हणजे एकशे ऐंशी त्याचे, आणि हे तीन तिचे.

तिने मॅडमच्या टेबलाशी जाऊन एका दमात सांगितलं. अर्धंच सांगितलं, खरं तर.

"लेबलांत माझी चूक झाली असावी. लक्ष नव्हतं."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. केस पांढरे, आवाज कोरडा, आणि चूक कबूल करणाऱ्यावर त्या कधी ओरडत नसत. त्याचाच लोकांना जास्त धाक वाटायचा.

"तुझं लक्ष नव्हतं? कुठे होतं?"

"दाराकडे."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "आजच पुन्हा तुझं रक्त काढ. तीन खळगे नको, सहा लाव. तुझे खरंच तीन असतील तर अदलाबदल झाली. मग सतरा नंबरला परत बोलवू."

ठिपकी स्वतःहून खाली गेली. या वेळी सुई चांगलीच कळली.

*

गुरुवारी ती तळमजल्यावर मुद्दाम गेली नव्हती. हे ती स्वतःलाच दोनदा म्हणाली, म्हणून इथे नमूद करतो. तिला स्टोअरमधून हातमोजे आणायचे होते आणि स्टोअर त्याच बोळात होतं. बोळाच्या टोकाला ते दार बिजागऱ्यांवरून उतरवून भिंतीला टेकवलं होतं आणि सुतार जमिनीवर बसून त्याची खालची कड रंध्याने तासत होता. भुशाचा कोरडा, गोडसर वास बोळभर पसरला होता.

"सिस्टरांनी बोलावलं," तो मान वर न करता म्हणाला. "तुम्ही नसता बोलावलंत."

"मला अधिकार नाही."

"नियम."

"हो, नियम. मी तर आत्ता इथे उभीसुद्धा नाहीये."

"मग जी उभी नाहीये तिने जरा ते स्क्रू द्या इकडे."

तिने दिले. तिच्या तळव्यावरून स्क्रू उचलताना त्याची बोटं... तर बोटं खरखरीत होती, एवढंच तिच्या लक्षात राहिलं, आणि ते दिवसभर लक्षात राहिलं.

काम करता करता तो बोलत होता. गावाबाहेरच्या जुन्या गोदामाचं छप्पर तो गेल्या वर्षी दुरुस्त करत होता. आढ्याला वटवाघळं. वाशांवर त्यांच्या विष्ठेचा वीतभर थर. तो त्याने फडक्याने झाडला, तोंड न बांधता. पंधरा दिवसांत ताप, मग खोकला. तीन डॉक्टर झाले, त्यांनी तीन वेगवेगळे आजार सांगितले. चौथ्याने बुरशी शोधून काढली.

"वजन इतकं उतरलं की करवत माझ्यापेक्षा जड वाटायची," तो म्हणाला. "असो. सोमवारपासून पुन्हा चढतोय."

"कुठे?"

"त्याच छपरावर. अर्धं राहिलंय ना."

ठिपकीच्या हातातली हातमोज्यांची पेटी खाली पडली.

"दुसरं कोणी करेल की!"

"दुसरं कोणी का? अर्धं टाकलेलं माझं एकच काम आहे आयुष्यात. त्या रस्त्याने जाताना मान खाली घालून जातो मी." त्याने फुंकर मारून भुसा उडवला. "आणि आता भीती कशाची? एकदा होऊन गेलं. शरीर लक्षात ठेवतं म्हणे. तुमच्याच सिस्टर म्हणाल्या."

शरीर लक्षात ठेवतं. एकशे ऐंशी त्याचे असतील तर ठेवतं. तीन त्याचे असतील तर...

"तुम्ही एकदम गप्प झालात," तो म्हणाला.

"मी इथे नाहीचे," ती म्हणाली आणि पेटी उचलून चालायला लागली.

त्या संध्याकाळी आई भाजी निवडत बसली होती. ठिपकी समोर बसली आणि चांगली पानं टाकून देठं भांड्यात टाकू लागली. आईने पाच मिनिटं बघितलं.

"कोण आहे?" आई म्हणाली.

"कोण कोण आहे?"

"ज्याच्यापायी माझी भाजी कचऱ्यात चाललीय तो."

"कोणी नाही. सतरा नंबर आहे."

"पहिले सोळा कुठे गेले?"

ठिपकीला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणीच आलं. मग तिने आईला सगळं सांगितलं. ठिपके, लेबलं, एकशे ऐंशी. आईला पेशींतलं काही कळत नव्हतं, पण लेकीच्या दुखण्यांची यादी तिला तोंडपाठ होती.

"कोंबड्यांच्या विष्ठेतूनही होतं म्हणतेस? मग त्यात काय नवल? तू सात वर्षांची असताना आपण खुराड्यांशेजारी राहत होतो. दिवसभर त्या पिल्लांमागे असायचीस. महिनाभर खोकत होतीस त्या वर्षी. डॉक्टर म्हणाले सर्दी आहे, आणि गेलीही आपोआप."

ठिपकीचे हात थांबले. पुष्कळांना हा आजार असाच येतो आणि कळायच्या आत निघून जातो, हे तिने स्वतः शंभरदा वाचलं होतं. स्वतःच्या बाबतीत ते डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणजे ते एकशे ऐंशी माझेच," ती म्हणाली.

"मग चांगलंच आहे की!"

"नाही ग आई," ती म्हणाली, "अजिबात चांगलं नाही."

*

शुक्रवारी निकाल लागला. सहाच्या सहा खळग्यांत ठिपकेच ठिपके. सरासरी एकशे शहात्तर. लेबलं बरोबर होती. दोन दिवस जी चूक तिच्या जिवाला लागली होती ती तिने केलीच नव्हती, आणि इतकं निर्दोष ठरून इतकं वाईट तिला कधी वाटलं नव्हतं.

मॅडम मात्र खूश होत्या. "बघ, हात सरळ आहेत तुझे. तुला निरोगी माणसांच्या यादीतून काढते, तू तर जुनी खेळाडू निघालीस. तुलनेसाठी दुसरं कोणी बघू. आणि सतरा नंबर कमी आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. तीन महिन्यांनी त्याचं पुन्हा घेऊच. छान काम."

इथे ठिपकीने गप्प बसायचं होतं. गप्प बसली असती तर काहीच बिघडलं नसतं. अदलाबदल झाली नव्हती, नियम कोणी कुठे मोडल्याची नोंद नव्हती, आणि ज्या मोजणीवर तिचा जीव होता ती तिच्याकडेच राहिली असती. पुढचं वाक्य आपल्याला काय किमतीला पडणार, हे तिला तोंड उघडायच्या आधीपासून ठाऊक होतं.

"मॅडम, त्याला सांगायला हवं. तो सोमवारी पुन्हा त्याच छपरावर चढतोय."

मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला.

"तुला कसं माहीत?"

ठिपकीने सांगितलं. दार, बिजागरी, दोन स्क्रू, बोळातला भुसा. काहीच लपवलं नाही.

"अस्सं," मॅडम म्हणाल्या. "आता मला एक सांग. एका माणसाचा आकडा काय सांगतो?"

"काही नाही."

"का?"

"कारण ठिपके कमी म्हणजे संरक्षण नाही असं नसतं. आणि जास्त म्हणजे आहे असंही नसतं. वीस माणसांची सरासरी काहीतरी सांगते. एका माणसावरून भविष्य सांगता येत नाही."

"अहवालात हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"मग?"

"मला पटतंय मॅडम. अगदी पटतंय. तरी मला काल झोप लागली नाही."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्या चष्मा पुसायला लागल्या की पुढे निकाल येणार, हे सगळी प्रयोगशाळा ओळखून होती.

"आजपासून तू मोजणीत नाहीस. त्याचीच नव्हे, या सगळ्या अभ्यासातली मोजणी दुसऱ्याकडे देते. सतरा नंबरची बुधवारची प्लेटसुद्धा दुसरं कोणीतरी पुन्हा मोजेल. पेशी वेगळ्या करायचं काम तुझ्याकडेच राहील."

"हो, मॅडम."

"आणि त्याचा आकडा त्याला सांगायचा नाही. आकडा कोणालाच सांगत नाही आपण."

"हो, मॅडम."

"पण," मॅडम चष्मा चढवत म्हणाल्या, "धुळीवर आधी पाणी मारा आणि चांगला मास्क घाला, हे सांगायला कोणाचा आकडा लागत नाही. ते मी रस्त्यावरच्या माणसालाही सांगेन. कपाटात खोके आहेत. एक घेऊन जा."

*

सोमवारी सकाळी ती गोदामापाशी पोचली तेव्हा नऊ वाजत आले होते. मोठं, लांबलचक, अंधारं गोदाम होतं. अर्ध्या छपराला नवे पिवळे वासे, उरलेल्या अर्ध्याला काळपट, कुजकट. फटींतून उन्हाचे कवडसे खाली आले होते आणि त्यांत धूळ तरंगत होती. दोन गडी फळ्या वाहत होते. सुतार शिडीच्या चौथ्या पायरीवर होता. तोंडाला काही नव्हतं, रुमालसुद्धा नाही.

"खाली उतरा," ती दारातूनच ओरडली. स्वतः तिने मास्क घातला होता.

त्याने वळून बघितलं. चेहरा अर्धा झाकला होता तरी त्याने ओळखलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून ठिपकी पाठ केलेली वाक्यं विसरली.

"तुम्ही इथे आहात की नाहीच?" तो म्हणाला.

"आहे. उतरा आधी. हे मास्क आणलेत. आणि आधी पाणी मारून धूळ बसवायची, मग हात लावायचा. कोरडं झाडायचं नाही."

तो उतरला नाही. शिडीच्या पायरीवर कोपर टेकून बघत राहिला.

"माझे ठिपके कमी आले का?"

"ते सांगता येत नाही."

"म्हणजे आले."

"म्हणजे सांगता येत नाही! जास्त असते तरी हेच म्हणाले असते. माझे हवे तर सांगते, माझे एकशे शहात्तर आहेत. तुमचे नाही."

"बरं. मग मास्क घाल असं कोण म्हणतंय? दवाखाना?"

"नाही."

"तुमच्या मॅडम?"

"त्या सगळ्यांनाच म्हणतात."

"मग मला कोण म्हणतंय? मास्कमध्ये श्वास कोंडतो हो. वर आढ्याला चिकटून काम करायचं, घाम गळतो. कोणीतरी भक्कम माणसाने सांगितल्याशिवाय मी नाही घालणार."

खेळ करत होता तो, आणि नव्हताही. फळ्या वाहणारे गडी थांबून ऐकत होते. ठिपकीकडे आकडा होता, पण तो काढता येत नव्हता. भीती घालायला दुसरं काही नव्हतं. उरलं होतं ते एकच कारण, आणि ते तिचं स्वतःचं होतं.

"मी म्हणतेय," ती म्हणाली.

"मी म्हणजे? ठिपके मोजणाऱ्या बाई?"

"नाही. आता मी मोजत नाही. मोजणी काढून घेतली माझ्याकडून."

तो सरळ झाला. "का?"

"ओळखीच्या माणसाचे ठिपके मोजता येत नाहीत. तुम्ही सोमवारी चढणार, हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, तुला कसं माहीत. मग... सांगितलं."

"माझ्यामुळे तुमचं काम गेलं?"

"काम आहे. मोजणी गेली. आणि तुमच्यामुळे नाही, मी बोलले म्हणून गेली." तिने मास्क खाली ओढला, कारण आतून आवाज नीट फुटत नव्हता. मग धुळीची आठवण होऊन परत वर केला. "हे बघा, आमच्या यादीत वीस माणसं आहेत. वीसही जण बरे राहावेत असं मला वाटतं. पण मी त्यांची सरासरी काढते आणि घरी जाऊन झोपते. तुमची सरासरी मला काढता येत नाही. तुम्ही पुन्हा खोकायला लागाल म्हणून मला झोप येत नाही. आठच दिवस झालेत, तीनदा बघितलंय तुम्हाला, आणि हे अगदी अशास्त्रीय आहे, मला माहीत आहे. पण तुम्ही मला आवडता. आता घाला तो मास्क."

एक गडी हळूच फळी खाली ठेवून बाहेर गेला. दुसऱ्याने जायची तसदी घेतली नाही.

सुतार शिडीवरून उतरला. एकेक पायरी, अजिबात घाई न करता. तिच्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"मी त्या दिवशी बोळात अर्ध्या तासाचं काम तीन तास केलं," तो म्हणाला. "रंधायला एवढं काही नव्हतं त्या दाराला. तू खाली येतेस का बघत होतो."

'तू' त्याच्या तोंडून निसटलं आणि दोघांनाही ऐकू आलं. दोघांनीही ते दुरुस्त केलं नाही.

"हा बसवायचा कसा?" त्याने विचारलं.

तिने खोक्यातून एक मास्क काढला, इलॅस्टिक त्याच्या डोक्यामागून घेतलं आणि नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवली. तो जरा वाकला होता. पापण्यांवर बारीक भुसा होता. पट्टी नीट बसली. तिचे हात सरळ होते.

"श्वास सोड," ती म्हणाली. "कडेने हवा येतेय का?"

"नाही."

"मग बरोबर बसलाय."

"किती दिवस घालायचा?"

"छप्पर पुरं होईपर्यंत."

"दोन महिने?"

"दोन महिने लागणार असतील तर दोन महिने."

"आणि मी रोज घातलाय की नाही, हे कोण बघणार?"

"मी बघणार. रोज सकाळी. माझं काम दहाला सुरू होतं."

त्याने गड्याला पाण्याची नळी आणायला सांगितलं आणि शिडीवर पाय ठेवला. दोन पायऱ्या चढून थांबला, मागे वळून तिच्याकडे बघितलं. मास्कच्या वर डोळे तेवढे दिसत होते आणि ते हसत होते.

"रोज येणार असशील," तो म्हणाला, "तर छप्पर जरा सावकाशच करतो."